ओहोटीच्या वेळी घर दाखवू नये

खाडीकाठचं घर गिऱ्हाइकाला कधी दाखवायचं, हे गिऱ्हाइकाच्या सुट्टीवर ठरत नाही. ते तिथीवर ठरतं. डोंबिवली पश्चिमेला खाडीच्या अंगाला मी गेली वीसेक वर्षं फ्लॅट विकते आहे, आणि भिंतीवरचं कॅलेंडर पाहिल्याशिवाय मी कुणालाही साइटवर बोलावलेलं नाही. "पंचमीला या ना, पंचमी चांगली आहे," असं मी फोनवर म्हणाले की लोकांना वाटायचं, पाटील मॅडम भारी श्रद्धाळू. मी तो समज कधी खोडून काढला नाही. श्रद्धाळू बाईकडून घर घेताना माणसाला जरा धीर येतो.

खरं कारण असं, की पंचमी-षष्ठीला आमच्या खाडीत संध्याकाळी चहाच्या सुमारास पाणी भरतं. ऊन उतरलेलं असतं. पलीकडे भिवंडीच्या काठापर्यंत सगळं चकचकीत पाणी, तिवरांचे नुसते शेंडे वर, आणि वारा असा की गॅलरीत उभ्या बाईची ओढणी जागेवर राहत नाही. नवरा मोबाइल काढतो. बायको म्हणते, "अहो, इथे दोन खुर्च्या टाकायच्या." दोन खुर्च्या आल्या की घर विकलं गेलं असं समजायचं. पुढचं नुसतं कागदांचं काम.

उलट पौर्णिमेची संध्याकाळ. लोक हटकून तीच मागतात. "मॅडम, पौर्णिमेला दाखवा, चंद्र बघू पाण्यावर." आता पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती असते दुपारची, दिवेलागणीला खाडी रिकामी होत आलेली असते. चंद्र उगवतो तो चिखलावर. करडा, चिकट, लकाकणारा चिखल, तिवरांच्या मुळांत अडकलेल्या पिशव्या, आणि वास. तो वास काठावर न वाढलेल्या माणसाला समजावता येत नाही. त्याला तो गटाराचा वाटतो. तो गटाराचा नसतो; निदान सगळा नसतो. त्यामुळे पौर्णिमेला संध्याकाळी मला दर महिन्याला काहीतरी घरगुती कार्य निघायचं.

नदीकाठी राहण्यात एवढं काय आहे, असं मला या धंद्यात जितक्या लोकांनी विचारलं तितकं दुसरं काही विचारलं नसेल. माझी उत्तरं छापील असायची. मोकळी हवा, समोर कधीच दुसरी बिल्डिंग उठणार नाही, संध्याकाळचा वॉक, स्टेशन दहा मिनिटांवर. कुणाची दहा मिनिटं, हे आम्ही लिहीत नाही. रविवारी दुपारी, रिक्षा लगेच मिळाली, आणि रिक्षावाल्याला घरी जेवायला जायची घाई असली तर दहा. माहितीपत्रकात तिला 'नदी' म्हणायचं, ही सक्त ताकीद. कल्याणच्या वरच्या अंगाला ती उल्हास नदी असते. खाली येता येता समुद्राचं खारं पाणी तिच्यात शिरतं आणि ती खाडी होते. पण खाडी म्हटलं की लोक नाक आक्रसतात, आणि नदी म्हटलं की त्यांना आजोळ आठवतं.

शिवाय ती आमच्या उत्तरेला आहे. वास्तुशास्त्रवाले पाणी उत्तरेला असलेलं चांगलं मानतात, म्हणजे आमच्या काठाला फुकटचा आशीर्वाद. तेच पाणी पलीकडच्या काठाला दक्षिणेला पडतं. तिथले एजंट दिशेचा विषय निघाला की चहा मागवतात.

माणसं राहायला आल्यावर मग फोन यायचे. एका बँकेतल्या गृहस्थांचा फोन मला अजून आठवतो. सकाळची वेळ, आवाज घाबरलेला.

"मॅडम, पाणी गेलं!"

"नळाचं?"

"नळाचं नाही हो, खाडीचं! सगळंच्या सगळं. तुम्ही दाखवलंत तेव्हा होतं ना?"

"येईल दुपारपर्यंत."

"नक्की?"

"साहेब, माझ्या जन्माच्या आधीपासून येतंय."

मग हळूच, "म्हणजे हे असं रोज जातं?"

"रोज दोनदा."

"हे तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं."

हा किस्सा मी ऑफिसात रंगवून सांगायचे. सगळे हसायचे. पण त्या गृहस्थांचं बरोबर होतं. आधी सांगायला पाहिजे होतं.

आणि आता ते, जे मी किश्श्यांमध्येही कधी सांगितलं नाही. ओहोटी लपवण्यामागे माझं आणखी एक कारण होतं. पाणी ओसरलं की खाडीकाठच्या जुन्या गावातल्या बायका चिखलात उतरायच्या. त्यांच्यात माझी आई असायची.

आईचं नाव हौसा. आम्ही मूळचे इथलेच, खाडीवर जगणारे. वडिलांची छोटी होडी होती. पुढे रेती काढणारे आले, वरून कारखान्यांचं पाणी आलं, कधी लाल तर कधी शाईसारखं, आणि मासळी गेली. पुरुषांनी नोकऱ्या धरल्या. बायकांनी चिखल सोडला नाही. चिखलावर टुणटुण उड्या मारणारे बोटभर निवटे मासे आणि बिळात बसलेल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, एवढंच काय ते उरलेलं. निवटा हाताने धरायचा असतो. चिंबोरीसाठी बिळात खांद्यापर्यंत हात घालावा लागतो, आणि आत चिंबोरीच आहे की दुसरं काही हे हात घातल्यावरच कळतं. आईने या चिखलातून मला बी.कॉम. केलं. आता तिला गरज नाही, भाऊ रेल्वेत आहे, घर पक्कं आहे. तरी सत्तरी ओलांडलेली ही बाई ओहोटीला घरात थांबत नाही. भाऊ ओरडला की म्हणते, "तू हापिसात जातंस तवा मी इचारते काय?"

माझं सासर विठ्ठलवाडीचं, आडनाव पाटील. फार सोयीचं आडनाव आहे हे. समोरच्याच्या मनात जो पाटील असेल तो आपण होऊन जातो. मी 'पानी'चं 'पाणी' केलं, 'मना'चं 'मला' केलं, आणि साइट ऑफिसात मला कुणी कधी गाव विचारलं नाही. विचारलं असतं तरी 'कल्याणकडचे' म्हटलं असतं. खोटं नव्हतं ते. असल्या न-खोट्या गोष्टींवर माझी बरीच वर्षं गेली.

पेठेबाई आल्या त्या सकाळी मात्र ही सोय संपली. पेठेबाई ठाण्याच्या नौपाड्यातल्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांची लेक डोंबिवलीत असते, तिच्याजवळ घर पाहिजे होतं. मी त्यांना षष्ठीची संध्याकाळ दिलेली. त्या तृतीयेलाच सकाळी, नाश्त्याच्या वेळी, लेकीकडून परस्पर साइटवर येऊन थडकल्या. वॉचमनने भाबडेपणाने फ्लॅट उघडून दिला. मी धापा टाकत दुसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा त्या गॅलरीत कठड्याला रेलून उभ्या होत्या, आणि समोर खाडी नव्हती. चिखल होता. चिखलात बायका होत्या, आणि सर्वांत पुढे, आमच्या अगदी खाली, काष्टा मारून गुडघाभर चिखलात वाकलेली माझी आई होती. एक हात बिळात. गाल चिखलाला टेकलेला.

तिने हात ओढून काढला तर बोटांच्या मध्ये ही एवढी चिंबोरी, नांग्या परजत.

"अगंबाई!" पेठेबाई ओरडल्या. "चावत नाही का हो त्यांना?"

"सवय असते."

"कोण आहेत या?"

"गावातल्या बायका आहेत." आणि मग सवयीने माझं ठरलेलं वाक्य आलं, जे मी तोवर प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलेलं. "काळजी करू नका, कंपाउंड पूर्ण झालं की ही वाट बंद होणार आहे. मग कुणी येणार नाही."

"आणि त्या पुढच्या आजी?"

"असेल कोणीतरी."

त्याच वेळी आईने वर पाहिलं. दुसरा मजला म्हणजे काही उंच नाही. तिने चिखलाच्या हाताने डोळ्यांवर सावली धरली. मला बघितलं, इस्त्रीची साडी, गळ्यात ओळखपत्र. मग चिंबोरी टोपलीत टाकली आणि पाठ फिरवून पुढच्या बिळाकडे गेली. रिकाम्या खाडीत आवाज फार लांब जातो. मला ते लहानपणापासून माहीत होतं.

पेठेबाईंनी ते घर घेतलं. मी विचारलंही नाही, त्यांनीच सांगितलं. "नौपाड्यात माझ्या खिडकीसमोर शेजारच्या बिल्डिंगचा सांडपाण्याचा पाइप आहे. चाळीस वर्षं मी तो बघतेय. इथे निदान समोर काहीतरी चाललेलं असतं."

त्या रविवारी मी माहेरी गेलेले. आईने कालवण वाढलं, भाकरी वाढली, आणखी घे म्हणाली. ना तिने शब्द काढला ना मी. आमच्या घरात न बोललेल्या गोष्टींना जागा भरपूर आहे. त्यानंतर मी साइटवर असले की आई कधीच वर मान करून बघायची नाही. तेवढ्याने मला कळायचं, की त्या दिवशी तिने ऐकलं.

इमारत भरली. माणसं राहायला आली, दिवाळीचे कंदील लागले, सोसायटी झाली. आणि एका रविवारी सोसायटीने मला सभेला बोलावलं, साक्षीदार म्हणून.

प्रकरण असं होतं. खाडीच्या बाजूची भिंत एका ठिकाणी अर्धवट होती. तिथून दगडी पायऱ्या खाली चिखलात उतरतात, गावाचा जुना धक्का. बांधकाम चालू असताना गावातल्या बायका तिथे ठाण मांडून बसल्या, म्हणून बिल्डरने तेवढी फट सोडलेली. आसपास सगळीकडे इमारतींच्या भिंती झाल्यामुळे चिखलात उतरायला ती एकच वाट उरली होती. सोसायटीला ती फट बुजवून हवी होती, बिल्डरने स्वतःच्या खर्चाने. बिल्डर म्हणत होता, मी असं काही कबूल केलेलं नाही. मग कुणीतरी म्हणालं, पाटील मॅडमना बोलवा, शब्द त्यांनीच दिलेला.

म्हणजे मी 'हो' म्हटलं की भिंत होणार. 'नाही' म्हटलं की ज्यांना मी घरं विकली त्यांच्या तोंडावर खोटं बोलणार. मी रात्रभर दोन्ही बोलून बघितलं.

सोसायटीचे अध्यक्ष राणेसाहेब. मूळचे कणकवलीकडचे, बोलणं तिरपं नाही. त्यांनी मला खुर्ची दिली आणि सरळ विचारलं, "मॅडम, एकच प्रश्न. घर दाखवताना तुम्ही सांगितलेलं की नाही, की ही वाट बंद होणार म्हणून?"

"सांगितलेलं."

"झालं! घ्या लिहून."

एक तरुण आई उभी राहिली. "माझा मुलगा चार वर्षांचा आहे. परवा एकटा त्या पायऱ्यांपर्यंत गेलेला. मला त्या बायकांचा राग नाहीये. पण मी अनवाणी धावत सुटले."

तिचं खरं होतं. मी मान हलवली.

मागून एक तरुण म्हणाला, "आणि ते टोपल्या घेऊन गार्डनमधून जातात ना यार, सगळा वास. गेस्ट आले की लाज वाटते."

त्या मुलाचा मला राग यायला हवा होता. आला नाही. मी जे वीस वर्षं पोटात ठेवलेलं ते तो चारचौघांत मोकळेपणाने बोलत होता, एवढाच आमच्यात फरक.

"राणेसाहेब, माझं बोलून झालेलं नाही."

"बोला की."

"शब्द मी दिला. पण तो माझा द्यायचा नव्हता. ती वाट बिल्डरचीही नाही. गावातल्या बायका तिथून पिढ्यान्‌पिढ्या उतरतायत. मला हे माहीत होतं. तरी मी तुम्हाला प्रत्येकाला सांगितलं, कारण तसं सांगितलं की घर विकायला सोपं जातं."

"म्हणजे तुम्ही आम्हाला फसवलंत?" बँकेतले ते गृहस्थ, पाणी गेल्याचा फोन करणारे.

"हो."

हॉलमध्ये गलका झाला. राणेसाहेबांनी टेबलावर हात आपटला. "एक मिनिट, एक मिनिट! पिढ्यान्‌पिढ्या वगैरे तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर विठ्ठलवाडीच्या ना?"

"मी इथलीच. त्या बायकांतली एक माझी आई आहे."

मला वाटलेलं, हे वाक्य तोंडातून बाहेर पडताना काहीतरी मोडेल. काही मोडलं नाही. राणेसाहेबांनी फक्त विचारलं, "कुठली?"

"हौसाबाई."

"अगो बाय माझे!" सौ. राणे मागच्या रांगेतून. "हिरवी साडी नेसते ती? अहो, आपल्याकडे चिंबोऱ्या देते तीच ही!"

राणेसाहेब एकदम समोरचे कागद सारखे करायला लागले. अध्यक्षांच्या घरी चिंबोऱ्या त्याच फटीतून येत होत्या, हे सगळ्यांना तेव्हा कळलं. मागचा तो तरुण हसला, मग बाकीचेही.

हसण्याने प्रश्न सुटला असं मी लिहिलं तर ते पुन्हा माझ्या धंद्यातलं लिहिणं होईल. त्यानंतर तास-दीड तास भांडण झालं. काही लोक माझ्याशी अजून बोलत नाहीत, आणि ते योग्यच आहे. शेवटी ठरलं ते असं: भिंत होणार, पण फटीच्या जागी लोखंडी फाटक. कडी वरच्या बाजूला, लहान मुलाचा हात पुरणार नाही अशी. बायकांनी बागेतून न जाता भिंतीच्या कडेने जायचं. फाटक ओहोटीला वॉचमनने उघडायचं.

"आणि ओहोटी कधी, ते आम्हाला काय समजणार?" राणेसाहेब म्हणाले. "ती जबाबदारी मॅडम तुमची."

तेव्हापासून मी वॉचमनला रोज व्हॉट्सॲपवर वेळ पाठवते. तो अंगठा पाठवतो. बिल्डरकडून मला मात्र 'यापुढे तुमची गरज नाही' असा निरोप आला. मी आता जुन्या घरांच्या खरेदी-विक्रीचं माझं मी बघते.

सभा संपल्यावर पेठेबाई लिफ्टपाशी थांबल्या होत्या. सभेत त्या चकार शब्द बोलल्या नव्हत्या.

"त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, त्या आजी कोण म्हणून."

"हो."

"पुढे आमची ओळख झाली. मी गॅलरीतून, त्या खालून. मला गुडघ्यांमुळे पायऱ्या उतरवत नाहीत. तर एकदा मी त्यांनाही विचारलं, त्या पाटील मॅडमना ओळखता का हो? काय म्हणाल्या माहित्ये? 'वलखते ना. चांगली बाय हाय. खोटं बोलत नाय.'"

शाळेत बाकावर उभं केल्यासारखी मी उभी होते. पेठेबाईंनी लिफ्टचं बटण दाबलं. "त्यांना एकदा वर घेऊन या. मी बोलावते तर येत नाहीत. म्हणतात, पाय चिखलाचे असतात."

तिथून मी थेट माहेरी गेले. बातमी माझ्या आधी पोचलेली. आई ओट्यावर परातीत निवटे घेऊन बसलेली.

"कनाला बोललीस?"

"बोलायचंच होतं."

"तुजा धंदा बुडल ना आता."

"बुडू दे."

"बुडू दे काय? मी चिकलात उतरून तुला शिकवली ती बुडवाला?"

मी तिच्या शेजारी बसले. "आई, त्या दिवशी मी गॅलरीतून बोलले ते तू ऐकलंस ना?"

"कंच्या दिवशी?"

"तुला माहीत आहे कुठल्या."

ती निवटा साफ करत राहिली. राख लावायची, घासायची, धुवायची. मग म्हणाली, "तू मना वलख दिली नाय, मंग मी तुला कनाला देऊ? धंद्याच्या टायमाला मी पन कोनाला वलखत नाय. सगी भैन आली तरी भाव त्योच."

ती मला माफ करत होती की टोमणा मारत होती, मला खरंच कळलं नाही. बहुतेक दोन्ही. तिने परात माझ्याकडे सरकवली. "बसलीस तर हात चालव."

कित्येक वर्षांत मी निवटे साफ केले नव्हते. हाताला आठवत होतं. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाला आराखडा दाखवताना नखांतून तो वास आला, आणि मी हात टेबलाखाली घेतला नाही.

हल्ली मी घर ओहोटीलाही दाखवते. आधी ओहोटी, मग वाटलं तर भरती. काही लोक गॅलरीत पाऊल टाकून तसेच मागे फिरतात. त्यांना मी थांबवत नाही; शीळफाट्याच्या बाजूला मोठमोठे प्रकल्प झालेत, तिथे चिखल नाही, पाणीही नाही. जे थांबतात त्यांचा नंतर तक्रारीचा फोन येत नाही. नदीकाठी राहण्यात काय आहे, असं कुणी विचारलं तर आता मी छापील सांगत नाही. सांगते, की थंडीत पांढरे कुरव पक्षी येतात आणि लोक त्यांना शेव टाकतात, टाकू नये ती. गणपती विसर्जनाला अख्खी डोंबिवली तुमच्या दारात येईल आणि तुम्हाला गाडी बाहेर काढता येणार नाही. खाडीवर पूल झाल्यापासून ठाणं जवळ आलंय, पण रस्ता पुलाच्या आधीचाच आहे. वास येईल. दिवसातून दोनदा समोरचं दृश्य बदलेल, आणि एकदा सवय झाली की न बदलणाऱ्या खिडकीत तुमचं मन रमणार नाही. माझं रमत नाही. विठ्ठलवाडीच्या घरात खिडकीबाहेर भिंत आहे. मी कामाच्या निमित्ताने इथे येते असं नवऱ्याला वाटतं.

आईला वर न्यायला मात्र बरेच दिवस लागले. ओहोटीला तिला वेळ नसतो, म्हणून गेलो ते भरतीला. धुतलेले पाय तिने पायपुसण्यावर तीनदा पुसले. लिफ्टमध्ये माझा दंड घट्ट धरला. पेठेबाईंनी चहा केलेला, नारळाच्या वड्या केलेल्या.

सवयीने मी घर दाखवायला लागले. "आई, हा हॉल. हे किचन, बघ, सिंक मोठं आहे."

आई ओट्यापाशी थांबली. "हितं बसून कोयत्यावर मासली कशी कापायची? सगला उब्यानं?"

"माझ्याकडे मासळी नसते," पेठेबाई म्हणाल्या. "आम्ही खात नाही."

"कदीच नाय?" आईने त्यांच्याकडे फार कळवळ्याने पाहिलं. "डाक्टरनी सांगितलाय?"

मग ती गॅलरीत आली. कठड्याला दोन्ही हात लावून बराच वेळ उभी राहिली. खाडी काठोकाठ भरलेली. मी वाट बघत होते. मनात आलं, आता ही म्हणेल, किती छान दिसतं गो. माझी सगळी गिऱ्हाइकं इथेच म्हणतात.

"हितून आमी दिसतो?" तिने विचारलं.

"स्पष्ट," पेठेबाई म्हणाल्या.

"बिलात हात घालते ते पन?"

"ते पण. चिंबोरी एका बिळातून निघून दुसऱ्यात जाते ना, तेसुद्धा दिसतं. तुम्ही पहिल्याच बिळात शोधत बसता."

आईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. राग आल्यासारखं.

"मंग इतके दिस सांगत का नाय? मना खालून दिसत नाय ते!"

पेठेबाईंनी हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला. मला हसू आवरेना. माझ्या आयुष्यात खाडीकाठच्या घराचा इतका रोकडा फायदा कुणी काढला नव्हता.

गेल्या आठवड्यात एका जोडप्याला बाजूच्या विंगमध्ये घर दाखवत होते. ओहोटी होती. गॅलरीचं दार उघडलं आणि वरून, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज आला.

"हौसाबाई! अहो हौसाबाई, डावीकडे गेली! डावीकडच्या बिळात!"

खालून, चिखलातून, माझ्या आईचा आवाज.

"बाय, डावी कंची? तुमची का माजी?"